पाच सेंटांची चकती

व्हर्जिनियात भाचीकडे गेलो, तेव्हा लढायांची मैदाने पाहण्याची हौस मला होतीच. पण फ्रेडरिक्सबर्गहून राप्पाहॅनॉक नदी ओलांडून स्टॅफर्ड परगण्यातल्या एका शेतात जे पाहिले, तेच मनात राहिले.

१८६२ च्या डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गला मार खाऊन उत्तरेची फौज याच टेकाडांवर हिवाळाभर पडून होती. लाखावर माणसे, ओंडक्यांच्या खोपट्या, आणि मागोमाग आलेले 'सट्लर'. सट्लर म्हणजे पलटणीचा परवानेवाला दुकानदार. आपल्या मराठी फौजेमागच्या बाजारकऱ्यांचा सातासमुद्रापलीकडचा भाऊबंदच म्हणा ना! शिपायाला महिना १३ डॉलर, तेही महिनोन् महिने थकलेले. त्यात युद्धामुळे सुटी नाणी बाजारातून नाहीशी झालेली. मग सट्लर आपल्या नावाच्या चकत्या पाडून घेई, त्या शिपायाला उधार देई आणि पगारातून पैसे वळते करी. चकती चालायची त्याच्याच दुकानात. गिऱ्हाईक आपोआप बांधलेले!

भाचीचे शेजारी, सत्तरी उलटलेले गृहस्थ, शेतमालकाच्या परवानगीने तिथे धातुशोधक यंत्र फिरवतात. सरकारी रणभूमीवर मात्र तसे करणे गुन्हा आहे. तीन तासांत खिळे निघाले, एक नाल निघाला, आणि मग रुपयाएवढी हिरवी चकती. ती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "लांबून आलात. ही तुमची."

रात्री मला राहवेना. आमच्या घरी समया चिंचेने लखलखीत होत. भाचीच्या फडताळातली चिंच घेतली आणि चकती खसाखसा घासली. चकती लख्ख झाली. पण पितळातले जस्त आंबटाने खाल्ल्यामुळे तांबूस पडली, आणि हिरव्या थरातच टिकलेली अक्षरे थराबरोबर निघून गेली. सट्लरचे नाव गेले, पलटणीचा आकडा गेला. उरला एकटा '५'.

सकाळी शरमत ती दाखवली. म्हातारबुवा रागावले नाहीत. आपल्या चकत्या कशा भिजत ठेवल्या आहेत, ते त्यांनी दाखवले : शुद्ध पाण्यात काही दिवस, मग दातकोरणीच्या टोकाने मातीचा एकेक कण. "दीडशे वर्षे वाट पाहिली तिने," ते म्हणाले, "आणखी महिनाभर पाहील."

ती चकती आता पुण्याला माझ्या टेबलावर असते. समया अजून चिंचेनेच घासतो. तिला मात्र हात लावत नाही.