हिमाचे स्तवन

आम्हा वऱ्हाडातील माणसांना बर्फ ठाऊक असतो तो वैशाखातल्या गोळ्याच्या गाडीवरचा. अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे चढतो, आणि चिखलदऱ्याच्या गारव्यालाच आम्ही कडाक्याची थंडी म्हणतो. तरीही दानिएलच्या ग्रंथातील तीन तरुणांचे गीत प्रार्थनेत म्हणताना अग्नीबरोबरच हिमालाही आम्ही परमेश्वराच्या स्तुतीस पाचारण करतो. जे कधी पाहिले नाही, त्याचे स्तवन सोपे असते.

25 जानेवारी 2017 नंतर ते तितके सोपे राहिले नाही. त्या दिवशी काश्मीरच्या गुरेझ भागात लष्कराची छावणी आणि गस्तीची तुकडी हिमस्खलनात सापडून 14 जवान मृत्युमुखी पडले. त्यांत आनंद गवई आणि संजय खंडारे हे अकोला जिल्ह्याचे सुपुत्र होते.

अशा प्रसंगी सांत्वनास गेलेला मनुष्य सहज बोलून जातो, ‘देवाची इच्छा!’ हे शब्द फार जपून वापरावेत. हिमाला वैर नसते, नियम असतात. 30 ते 45 अंशांच्या उतारावर जुन्या, भुसभुशीत थरावर नव्या हिमाचा जड थर साचतो. वारा त्यात भर घालतो. खालचा थर खचला की क्षणार्धात सारा उतार घसरतो, आणि थांबताच ते हिम घट्ट आवळून बसते. गाडलेल्यास हात हलवता येत नाही. पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढल्यास बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने मावळते. म्हणजे जीव वाचतो तो जवळ असलेल्या सोबत्यामुळेच.

आल्प्स पर्वतातील संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात खिंडीत आश्रयगृह स्थापिले. तेथील धर्मबंधू पुढे कुत्रे सोबत घेऊन हिमात हरवलेल्यांचा शोध घेत. स्वतः गिर्यारोहक असलेल्या पोप अकरावे पायस यांनी 1923 साली या संतांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते घोषित केले. त्या धर्मबंधूंच्या प्रार्थनेतही हेच गीत होते. हिमाची स्तुती करून ते हिमात उतरत. स्तवन आणि शोध यांत त्यांना विसंगती दिसली नाही.

वाचकहो, तिरंग्यात लपेटलेली शवपेटी गावात येते तेव्हा अवघा गाव लोटतो. सलामी होते, गर्दी पांगते, आणि मग त्या घरावर मौनाचे थर साचू लागतात. आपल्या धर्मग्रामाच्या परिसरात असे घर असेल, मग ते कोणत्याही धर्माचे असो, तर वर्षश्राद्धाची वाट न पाहता तेथे जाऊन यावे. चहा घ्यावा, मुलाचे नाव घेऊन बोलावे, आईचे ऐकावे. उशीर झाला असेल, तरीही जावे.