खाडीकडची हद्द

आमच्या तात्यांच्या लांकडी पेटींत जमिनीचे जे कागद आहेत, त्यांत एका जुन्या खरेदीखताची नक्कल आहे. तींत शेताच्या चतुःसीमा लिहिल्या आहेत. पूर्वेस अमक्याचें शेत, दक्षिणेस गांवची वाट, उत्तरेस दुसऱ्या कुणाचा बांध. आणि पश्चिमेस एकच शब्द, ‘खाडी’. लहानपणीं मला त्या शब्दाचें मोठें कौतुक वाटे. वीतभर सरकलेल्या बांधावरून भाऊबंद कोर्टाची पायरी चढतात; आमचा हा पश्चिमेचा शेजारी मात्र दिवसांतून दोनदां हद्द ओलांडूं पाहतो, आणि त्याच्यावर फिर्याद करण्याची सोय नाहीं!

पेणच्या पश्चिमेला वाशी-वढावच्या बाजूस जो सपाट मुलूख पसरला आहे, तो असाच समुद्राकडून मागून घेतलेला आहे. चिखलाचा बांध घालावयाचा आणि त्यांत उघाडी बसवावयाची. ओहोटीला आंतलें पावसाचें पाणी तींतून बाहेर पडतें, आणि भरतीला खाडीचें पाणीच तिचें दार लोटून बंद करतें. मग कांहीं पावसाळ्यांनीं खार धुऊन निघाला कीं भात. १९८१ पासून ज्याला आपण रायगड म्हणतों, त्या जुन्या कुलाबा जिल्ह्यांत यासाठीं शिलोत्री नांवाची वहिवाट होती. शिलोत्रदारानें बाहेरचा बांध राखावा आणि त्याबद्दल कसणारांकडून आपला ठरलेला हक्क घ्यावा. त्या वहिवाटींत अन्याय नसेलच असें मी म्हणत नाहीं. पण ज्यानें समुद्राकडून जमीन घेतली त्यानेंच ती समुद्रापासून राखावी, एवढें तिला ठाऊक होतें. पुढें १९४८ मध्यें मुंबई सरकारनें खारजमिनींचा कायदा केला, आणि १९७९ सालीं महाराष्ट्राचा खारभूमि विकास कायदा आला. तरी बांधाला खांड पडली म्हणजे पहिलें घमेलें ज्याचें शेत त्याचेंच असतें.

आतां रेतीचें सांगतों. हा धंदा कांहीं नवा नाहीं. पूर्वी पाण्यांत बुडी मारून हातपाटीनें रेती काढीत; माणसाच्या छातींत जेवढा श्वास मावे, तेवढीच ती निघे. मग पडावांवर यंत्रें चढलीं आणि श्वासाचा हिशेब संपला. लिलावांत दिलेल्या रेतीगटालाही कागदावर हद्द असते : लांबी, रुंदी, खोली, किती ब्रास आणि कोणत्या तारखेपर्यंत. शेताच्या कोपऱ्यावर मोजणीदार दगड पुरतो. वाहत्या पाण्यांत तो काय पुरणार? दिवसा मध्यधारेंत असलेला पडाव रात्रीं कांठाशीं येतो, हें आम्हीं बांधावर बसून ऐकलें आहे. अंधारांत दिसत नाहीं, पण यंत्राचा आवाज जवळ येतो. आणि समजा, तो हद्दींतच राहिला. तळांत खड्डा पडला कीं तो भरून काढण्यासाठीं बाजूची माती खालीं सरकते. खणणारा आपल्या हद्दींत, आणि माती मात्र शेजाऱ्याची!

एका श्रावणांत, अमावास्येच्या उधाणाला, तात्यांच्या शेताजवळ बांध बसला. भाताला लोंब्या यावयाच्या होत्या. सकाळीं मी पेणहून गेलों तों शेतावर खाडी उभी. तात्या गुडघाभर पाण्यांत उभे राहून उगाच एक रोप उपटून पाहत होते. त्यानंतर तीन वर्षें त्या तुकड्यांत भात झालें नाहीं. यंत्रवाल्याला विचारलें तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “माझी हद्द पाण्यांत, तुमची बांधावर. मधल्या जागेचें मला काय विचारतां, तात्या?” त्याचें म्हणणें कागदाप्रमाणें खोटें नव्हतें.

या मधल्या जागेसाठीं भांडणारीं माणसें निघालीं, हेंही सांगावयास हवें. सुमेरा अब्दुलाली यांच्यावर २००४ मध्यें आमच्याच जिल्ह्यांत किहीमला हल्ला झाला आणि २०१० मध्यें पुन्हां महाडच्या बाजूला. त्यांच्या आवाज फाउंडेशनच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं वाळूउपशावर बंदी घातली. फेब्रुवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें पांच हेक्टरांहून लहान गटांनाही पर्यावरणाची परवानगी आवश्यक ठरविली. २०२० च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें तर काढलेली रेती नदी पुन्हां किती भरून आणते, याचाही अभ्यास व्हावयास हवा. हें वाचून तात्या हंसले. “भरून आणते ना! आमचाच बांध नेऊन भरते.”

येथपर्यंत लिहून थांबलों असतों तर बरें झालें असतें. परंतु पेणमधलें माझें घर मीं पंधरा वर्षांपूर्वीं बांधलें, तेव्हां गवंड्यानें विचारलें, “रेती खाडीची चालेल ना? स्वस्त पडेल.” मीं होकार दिला. ट्रक रात्रीं आला. पावती मीं मागितली नाहीं, आणि कुणीं दिलीही नाहीं. रेती नीट धुतली नसावी. आज माजघराच्या स्लॅबचे पोपडे निघत आहेत, आणि आंतलें लोखंड गंजून तांबडें दिसतें. ती रेती कोणत्या गटाची, हद्दीच्या आंतली कीं बाहेरची, हें आतां कोण सांगणार? तात्या घरीं येतात तेव्हां त्याच स्लॅबखालीं जेवतात. मीं त्यांना हें सांगितलेलें नाहीं. गेल्या खेपेला मात्र वर पाहून म्हणाले, “खारेपणा दिसतो रे,” आणि पुन्हां ताटाकडे वळले.

परवां त्यांचा निरोप आला. खांड पुन्हां उकलूं लागली आहे. अष्टमीला भांगाची भरती, पाणी कमी चढेल, तेवढ्यांत चिखल टाकून घ्यावयाचा आहे. चारपांच शेजारी येणार आहेत. शेवटीं त्यांनीं कळविलें होतें : येतांना घमेलें आपलें आणावें, येथें पुरत नाहींत.