नदीची ओळख

निपाणीच्या परिसरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना वेदगंगा निराळी सांगावयास नको. आमचे शेत तिच्याच एका वळणावर आहे. वळणाच्या आतल्या अंगास एक लांबट, सखल पट्टा होता. घरात त्याला ‘जुनी नदी’ म्हणत. आजोबांनी त्यात कधी नांगर घातला नाही; गवत कापावे, गुरे चारावीत, एवढाच त्याचा उपयोग. पुराचे पाणी प्रथम त्या पट्ट्यात शिरे आणि वळसा न घेता पुढे निघून जाई.

आजोबांच्या पश्चात आम्ही तो पट्टा मातीने भरला व तेथे ऊस लावला. उत्पन्न चांगले आले आणि आम्हांला आमच्या हुशारीचे कौतुकही वाटले. पुढे ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्ग बंद पडला. पाणी ओसरल्यावर पाहतो तो समोरच्या काठावरील शेजाऱ्यांची दरड करंजाच्या झाडांसह कोसळलेली! इतक्या पावसात पूर येणारच होता, हे खरे. परंतु जे पाणी आमच्या पट्ट्यातून जावयाचे, तेही वळणावर जाऊन त्यांच्या काठावर आदळले होते. शेजारी आम्हांला एका शब्दानेही बोलले नाहीत. आजी मात्र म्हणाली, “ह्यांनी ती जागा मोकळी ठेवली होती, ती काय उगीच?”

त्या प्रश्नाने आम्ही नदीकडे पाहावयास शिकलो. शाळेच्या सहलीत गोकाकला गेलो, तेव्हा घटप्रभा सुमारे १७० फूट उंचीच्या कड्यावरून कोसळताना पाहिली. तेथे तिचे काठ खडकाचे. ते सहसा हलत नाहीत. आमच्या वेदगंगेचे काठ गाळाचे. ते एकीकडे खचतात, दुसरीकडे वाढतात. पुढे भोजजवळ वेदगंगा दूधगंगेस मिळते. तेथे दूधगंगा तुडुंब असली, की वेदगंगेचे पाणी पुढे न सरता मागे फुगते. म्हणजे कड्याजवळची, वळणावरची आणि संगमावरची नदी यांचे स्वभाव भिन्न. मग सर्वांना एकच बांध, एकच भिंत कशी चालेल?

आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी नेदरलँड्समधील एक उदाहरण सांगितले. वाल नदी नाइमेखन शहराजवळ तीव्र वळण घेते आणि अरुंद होते. १९९३ व १९९५ च्या पुरांनंतर त्या लोकांनी तेथे बांध अधिक उंच करण्याऐवजी ३५० मीटर मागे घेतला आणि नदीस बाजूने दुसरी वाट खोदून दिली. ते ऐकून आम्ही चकित झालो. आमच्या आजोबांनी राखलेली वाट ती हीच नव्हे काय?

घरी हा विषय काढला, तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. त्या पट्ट्यातील उसावर घरची देणी भागत होती. अखेर ते म्हणाले, “यंदाचा ऊस कारखान्याला जाऊ दे. मग माती काढू.” गेल्या उन्हाळ्यात ती माती निघाली. तिच्यातील बरीचशी समोरच्या काठावर गेली. शेजाऱ्यांनी आणि आम्ही मिळून तेथे करंजाची व निर्गुडीची रोपे लावली.

बंधुभगिनींनो, तुमच्या गावाजवळही नदी, निदान एखादा ओढा असेलच. तो कोठे वळतो, कोठे पसरतो, कोठे फुगतो, हे वडीलधाऱ्या माणसांना एकदा विचारून ठेवा. आम्ही विचारावयास उशीर केला.