आजीचें गोंदण

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत कुंभिवलीस असतांना आजीच्या जुन्या छायाचित्रावरील डाग संगणकावर पुसण्याचें काम मीं हौसेनें अंगावर घेतलें. चित्र आठपट मोठें केलें, तेव्हां त्यांतील एकेक ठिपका पडद्यावर उभे आठ व आडवे आठ, अशा ६४ ठिपक्यांचा चौकोन झाला. कपाळावरचा एक काळसर डाग मीं चिकाटीनें पुसून काढला. मग चित्र पूर्ववत् लहान करून आईस दाखविलें. ती क्षणभर गप्प राहिली व म्हणाली, "अरे, आजीचें गोंदण कुठें गेलें?" सुदैवानें मूळ प्रत राखून ठेविली होती. मोठें केल्यानें चौकोन वाढतात, माहिती वाढत नाहीं. आतां चार डाग पुसले, कीं एकदां सबंध चेहरा पाहतों.