एका वस्तूला एकच नाव

कात्रजच्या तलावाचे पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणणारी योजना नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास उभी राहिली. आंबील ओढ्यावर बांध घातला आणि तिथून दगडी बांधकामाच्या भुयारातून, निव्वळ उताराच्या जोरावर, पाणी पेठांतल्या हौदांत आले. वाटेत हवेसाठी उच्छ्वास ठेवले. या भुयाराला आज कोणी नळ म्हणते, कोणी जलवाहिनी, कोणी बोगदा. वर्तमानपत्रातल्या लेखात यामुळे फारसे बिघडत नाही. पण तेच शब्द देखभालीच्या पुस्तिकेत आलटून पालटून आले, की वाचणारा प्रत्येक नावामागे वेगळी वस्तू शोधू लागतो, आणि त्याचे ते शोधणे रास्तच असते. ‘बोगद्याची पाहणी करावी’ असे कात्रजपुरते लिहून पाहा. घाटातला जुना बोगदा, महामार्गावरचा नवा बोगदा की पाण्याचे भुयार? ‘हौद’ या शब्दाचेही तसेच: वाटेत गाळ बसवणारा हौद वेगळा, पेठेत पाणी भरायचा वेगळा. पहिल्याला ‘गाळाचा हौद’ म्हणायचे ठरवले तर शेवटच्या पानापर्यंत तेच नाव राहिले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप शाळेतूनच येतो. समानार्थी शब्द पाठ करून घेताना आपल्याला शिकवलेले असते की एकच शब्द वारंवार आला की लेखन नीरस होते. ललित लेखनात हे मला मान्य आहे. तिथे शब्द बदलला की छटा बदलते आणि वाचकाला तीच हवी असते. पुस्तिका वाचणाऱ्याला मात्र छटा नको असते, कुठला झाकणदगड उचलायचा हे हवे असते. त्याच्यासाठी पुनरुक्ती हा दोष नव्हे, खात्री आहे.

जोडचिन्हाचा प्रश्न याच्याच पोटातला, पण अधिक गुंतागुंतीचा. शासनाने १९६२ साली मान्य केलेले शुद्धलेखनाचे १४ नियम आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४ प्रामुख्याने अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचा निवाडा करतात. शब्द कुठे जोडायचे, कुठे तोडायचे हे बरेचसे लिहिणाऱ्यावरच राहते. म्हणून एकाच अहवालात पाणीपुरवठा, पाणी पुरवठा आणि पाणी-पुरवठा सुखाने नांदतात. संदर्भाने अर्थ कळतोच, असे म्हणणारे आहेत. माणसाला कळतो, पण संगणकाच्या साध्या शोधात एक रूप टाकले तर उरलेली दोन सापडत नाहीत, आणि दुरुस्तीची एखादी जुनी नोंद तिथेच असूनही नजरेआड राहते. शिवाय ‘कात्रज-कोंढवा रस्ता’ यातले चिन्ह ‘पासून-पर्यंत’ सांगते, ‘१०-१२ मीटर’ यातले मर्यादा सांगते. एवढी कामे करणाऱ्या चिन्हाला उगाच आणखी राबवू नये.

इथे शब्दांमध्ये जोडचिन्ह घालण्याच्या इंग्रजी पद्धतीचे अनुकरण तर मुळीच कामाचे नाही. ‘जुनी जलवाहिनी दुरुस्ती योजना’ हे शीर्षक घ्या. जलवाहिनी, दुरुस्ती, योजना हे तिन्ही शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘जुनी’ नेमकी कोण हे लिंगावरून ठरत नाही. मध्ये आडवी रेघ मारली तर शीर्षक परके दिसते, आणि गरजही नाही. ‘जुन्या जलवाहिनीच्या दुरुस्तीची योजना’ किंवा ‘जलवाहिनीच्या दुरुस्तीची जुनी योजना’ म्हटले की संशय मिटतो. मराठीकडे सामान्यरूप आहे, विभक्ती आहे. नामांची उतरंड रचून आपण ही दोन्ही वापरायचेच सोडून दिले आहे. अक्षरे थोडी वाढतात, शीर्षक फलकावर मावत नाही, ही तक्रार खरी आहे. तेव्हा फलकावर छोटे नाव द्यावे, पण पुस्तिकेच्या आरंभी ते पूर्ण नावाशी एकदा जोडून ठेवावे.

राहिला प्रश्न कोणता शब्द निवडायचा याचा. जाणकार ‘उच्छ्वास’ म्हणत असतील तर नवा ‘वायुवीजन कूपक’ घडवू नये. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या तोंडी दोन शब्द असतील तर त्यांना विचारून एक घ्यावा, दुसरा पहिल्या पानावरच्या शब्दसूचीत नोंदवावा आणि मजकुरात तो पुन्हा येऊ देऊ नये.