भरवशाचे बूच

काजूचा हंगाम आला की सर्वणात मला चिंता लागते ती बुचाची. बोंडूंचा आंबवलेला रस भट्टीवर गाळला की आधी मिळतो हुर्राक. तो पुन्हा गाळून होते फेणी. फेणी वर्षानुवर्षे टिकते, हुर्राक मात्र सौम्य. हवा लागली की वास उडालाच! आणि आखातातला आमचा भाऊ येतो थेट चवथीला.

त्याच्यासाठी एक बाटली राखायची, तर विल्यम पेंटरने १८९२ साली पेटंट घेतलेले पत्र्याचे दातेरी झाकणच बरे. मात्र ते हातोडीने ठोकून बसवू नये, बाटलीचे तोंड तडकते. दोन दांड्यांचे, सारखा दाब देणारे यंत्र हवे. फेणी त्याला तिकडेही आठवते. हुर्राक मात्र गावातच भेटतो.