निर्माल्य न होणारी फुले

कागदाच्या फुलांवर माझा पहिल्यापासून राग. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला असा राग उपयोगी पडतो. एखाद्या कवितेत यमके जुळलेली असावीत, शब्द घोटून गुळगुळीत केलेले असावेत, पण जीव म्हणून नसावा, अशा वेळी मी वर्गात खुशाल म्हणून टाकतो, "ही नुसती कागदी फुले!" मुले ते वाक्य इमानाने वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत मला साभार परत करतात.

त्यातून मी सदाशिव पेठेतला. आमच्या घरी फूल म्हणजे देवाला वाहायचे. आज ताजे, उद्या निर्माल्य. जे कोमेजत नाही ते वाहण्याच्या लायकीचे नाही, हा आईचा कायदा. दिवाळीला महात्मा फुले मंडईतून झेंडू आणि शेवंती पिशव्या भरभरून यायची, तोरणे व्हायची, आणि त्याच तोरणाच्या वर हातभर अंतरावर आकाशकंदील टांगला जायचा, तो मात्र कागदाचा! त्याच्या झिरमिळ्या कातरताना यातली विसंगती कधी कुणाच्या ध्यानात आली नाही. माझ्या ध्यानात यायला मला नाताळच्या दिवसांत नाना पेठेत जावे लागले.

सदाशिव पेठेतून नाना पेठेत जाणे म्हणजे काही प्रवास नव्हे. लक्ष्मी रस्त्याला लागावे आणि पूर्वेकडे नाकासमोर चालत सुटावे. साड्यांची दुकाने मागे पडतात, सोन्या मारुती चौकातल्या सराफी पेढ्या येतात. डाव्या हाताला रविवार पेठेत शिरले की बोहरी आळी. सजावटीचे सामान घ्यायला सारे पुणे या आळीत येते. गणपतीत मखराचे, दिवाळीत कंदिलाचे आणि डिसेंबरात नाताळचे. दुकान तेच, दुकानदार तोच, पुढे लटकणाऱ्या माळा तेवढ्या बदलतात. तिथून पुढे क्वार्टर गेटच्या बाजूला गेले की संध्याकाळी खिडक्याखिडक्यांतून कागदी तारे उजळलेले दिसू लागतात. आपला आकाशकंदीलच तो, फक्त पाच टोकांचा.

पुण्याचा नाताळ म्हटला की लोकांना कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता आठवतो. पण पुण्याच्या शहरी पेठांतला नाताळ जुना आहे. नाना पेठेतल्या सिटी चर्चला जागा मिळाली ती सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७९२ साली. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती लोक होते, त्यांच्या उपासनेची ही सोय. अलीकडे गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचे पवित्र नाम देवालय आणि त्याचे उंच घंटाघर. याच मिशनमध्ये १८९० साली गोपाळराव जोशी यांनी पुण्यातल्या थोर मंडळींना व्याख्यानाला नेले. व्याख्यानानंतर चहा आला. कुणी प्याले, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळरावांनी सगळ्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि एका कप चहावरून पुण्यात ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. ही हकीकत वर्गात सांगितली की मुले पोट धरून हसतात. मीही हसतो, पण माझे हसणे जरा बेताचे असते. त्याचे कारण पुढे येईल.

१९९८ साली मी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होतो. आम्हाला 'स्मृतिचित्रे' शिकवायला एक बाई होत्या. त्या शिकवू लागल्या की लक्ष्मीबाई टिळक नाशिकहून कालच येऊन गेल्या आहेत असे वाटे. त्यांनी आम्हा चारपाच मुलांना नाताळच्या आधी घरी बोलावले. नाना पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, वरच्या मजल्यावर, दोन खोल्या. मधल्या खोलीत जेवणाचे मेज, आणि त्या मेजाच्या मधोमध मी अपेक्षिले नव्हते असे दृश्य. मोठी पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात मधोमध समई. आणि परातीच्या बाहेर, ज्योतीची झळ पोचू नये इतक्या अंतरावर, गोल मांडलेली लालभडक कागदी फुले. नाताळपूर्वीचे चार रविवार हा आगमनकाळ. पुष्कळ ख्रिस्ती घरांत हिरव्या पानांच्या कड्यात चार मेणबत्त्या लावतात आणि दर रविवारी एकेक वाढवीत नेतात. बाईंकडे मेणबत्त्यांच्या जागी समईच्या वाती वाढत. पाचवी वात नाताळची.

बाईंनी आमच्यापुढे क्रेपचा कागद, बारीक तार, कात्री आणि खळीची वाटी ठेवली. "या दिवसांत जो या घरी येतो, त्यानं एक फूल करायचं. आमची रीत आहे."

फूल करायचे ते पॉइन्सेटियाचे. पुण्याच्या बंगल्यांतून डिसेंबरात लालेलाल होते ते. मूळचे मेक्सिकोतले. रात्र लांबत गेली की त्याला रंग चढतो, म्हणून ते नाताळचे फूल झाले. गंमत अशी, की आपण ज्यांना लाल पाकळ्या समजतो ती त्याची पानेच. खरी फुले मध्यभागी, पिवळी आणि इवलीशी. बाईंनी पाकळी कापून दाखवली. क्रेपचा कागद उभ्या सुरकुत्यांच्या दिशेने कापायचा, दोन अंगठ्यांनी मधोमध हलकेच ताणायचा, की पाकळीला पोट येते. मध्ये पिवळ्या दोऱ्याच्या गाठी, भोवती एकाआड एक पाकळ्या, आणि तारेला हिरवी पट्टी तिरकी गुंडाळत न्यायची. बाईंच्या हातात ते पाच मिनिटांत झाले. माझे फूल अर्ध्या तासाने झाले तेव्हा ते एका बाजूला कलंडले होते आणि खळीने चिकट झाले होते. मी मनाशी म्हटले, फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखतो, त्या रेव्हरंड टिळकांच्या पंथातल्या घरात खरी फुले नसावीत ना!

मग करंज्या आल्या, चकल्या आल्या आणि केक आला. करंजी मी खाल्ली. केकमध्ये अंडे असणार. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. नाही म्हणण्याचे धैर्य नव्हते आणि खाण्याचेही नव्हते. मी तो तुकडा कागदात गुंडाळून "घरी नेतो" म्हणून खिशात घातला आणि परतताना सोन्या मारुती चौकात एका कुत्र्यापुढे टाकला. अंडे हे निमित्त होते, हे मला त्याही वेळी कळत होते. पंचहौदला कपाला नुसता हात लावणाऱ्यांची जात शंभर वर्षांनीही संपली नव्हती; त्यातला एक लक्ष्मी रस्त्याने घरी चालला होता.

पुढे मीही शिकवू लागलो. दर नाताळला बाईंकडे जायचे, फूल करायचे, करंजी खायची. केकच्या वेळेला मात्र मला कुठले ना कुठले काम आठवायचे. २०१२ साली मी पहिल्यांदा मोठेपणा मिरवीत दोन डझन गुलाब घेऊन गेलो. तळेगावच्या बाजूला हरितगृहांतून गुलाब पिकतात, मावळातून ते परदेशीही जातात, ही माहितीही सांगितली. आणि म्हणालो, "बाई, आता ही कागदाची काढून ठेवा. पुण्यात फुलांना काय तोटा?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी गुलाब तांब्यात घालून खिडकीत ठेवले आणि माझ्यासमोर बसल्या.

"माझी आजी केडगावच्या मुक्तीत वाढली," त्या म्हणाल्या. "१९०० च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या माणसांनी आणलेल्या मुलींतली. सहा वर्षांची असेल. आपलं गाव कुठलं, आईबापांनी ठेवलेलं नाव कुठलं, तिला सांगता येत नसे. एवढंच आठवायचं, की माणसांनी झाडांची पानं ओरबाडून खाल्ली होती. त्या बाईनं जन्मात फूल तोडलं नाही. झाडावरचं झाडावर राहू दे, म्हणायची. शिवाय हे लाल फूल तोडलं की पांढरा चीक गळतो आणि ते लगेच मान टाकतं. ते तिला बघवायचं नाही. म्हणून कागदाची. तिच्या हातचं एकच उरलंय, ते बघ."

परातीच्या कडेला एक फूल होते, रंग उडून विटकरी झालेले. बाई एकेक फूल दाखवू लागल्या. हे आईचे. हे यजमानांचे, गेले त्याच्या आदल्या नाताळचे. त्यांना पाकळ्या मोजून लावायची सवय. हे ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मुलीचे. आणि मग त्यांनी एक कलंडलेले, खळीचे डाग पडलेले फूल उचलून माझ्या तळहातावर ठेवले. हिरव्या पट्टीवर बारीक अक्षरात माझे नाव होते आणि खाली १९९८.

मी टाकलेल्या केकची गोष्ट मी त्या संध्याकाळी सांगून टाकली. चौदा वर्षे ती घशाशी होती.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी वर्गात आलास तेव्हा शर्टाच्या खिशाला लोण्याचा डाग होता. केक खाल्ला असतास तर तो पोटात असता." मग जरा थांबून म्हणाल्या, "कुत्र्यानं खाल्ला ना? मग वाया नाही गेला."

त्यांनी केक कापला. मी खाल्ला. तो फार चांगला होता.

यावरून वाचकांनी असा समज करून घेऊ नये, की मी आता सगळ्या खोट्या फुलांचा कैवारी झालो आहे. गेल्या काही वर्षांत बोहरी आळीपासून कॅम्पापर्यंत प्लास्टिकच्या फुलांचा पूर आला आहे. धुतली की पुन्हा नवी. मोडली की कचऱ्यात, आणि कचऱ्यात ती कुजत नाहीत. सणासुदीच्या भावावर डोळा ठेवून झेंडू-शेवंती लावणारा शेतकरी त्यांच्यापुढे टिकत नाही. त्यांच्यावर बंदी घालावी ही फुलशेतकऱ्यांची मागणी २०२५ साली विधिमंडळात गाजली, उच्च न्यायालयापर्यंतही गेली. शेतकऱ्यांचे म्हणणे मला पटते. बाईंनाही पटते. एकदा कुणी भेटीदाखल आणलेला प्लास्टिकचा गुच्छ त्यांनी दोन दिवस ठेवला आणि मग म्हणाल्या, "यात कुणाचं नाव लिहू?"

माझ्या मनातला हिशेब आता असा आहे. देवाला वाहायचे फूल ताजेच हवे. त्याचे निर्माल्य व्हावे हेच त्याचे सार्थक. पण घरात जपून ठेवायचे ते माणूस. ते कोमेजून कसे चालेल? आजीला तिचे गाव परत मिळाले नाही, नाव मिळाले नाही. तिने कागदाला आपला हात दिला आणि तो सव्वाशे वर्षांच्या काठावर परातीच्या कडेला बसून आहे. वर्गात मात्र मी अजून "कागदी फुले" म्हणतो, पण म्हणण्यापूर्वी ती कविता पुन्हा एकदा वाचून बघतो.

बाई आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. हात कापतात, पट्टी तिरकी गुंडाळली जात नाही. गेल्या नाताळला मी पाकळ्या कापल्या आणि माझ्या मुलीने त्या बांधल्या. वाडा पाडायचे बोलणे चालू आहे. परात कुठे जाणार, फुले कुठे जाणार, हे मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. निघताना त्यांनी केकचे दोन तुकडे कागदात बांधून दिले. एक माझ्या आईसाठी. आईने तो उजेडात धरून पाहिला, "अंडं आहे ना यात?" म्हणून विचारले आणि फडताळात झाकून ठेवला. सकाळी वाटी रिकामी होती. आमच्या वाड्यात कुत्रा नाही.

परवा आकाशकंदील करताना मुलीने लाल क्रेपची एक गुंडाळी बाजूला काढून ठेवली. आईनेच तिला विचारले, "ती कशाला गं?"

"नाना पेठेतल्या आजींकडे लागेल."

आई काही बोलली नाही. थोड्या वेळाने आतून बारीक तारेचे एक भेंडोळे घेऊन आली आणि त्या गुंडाळीशेजारी ठेवून गेली.